दुखतंय ना? मग बरं आहे

विंचू कुठे सापडतो हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गडग्याच्या चिऱ्यांत, लाकूडफाट्यात, पेंढ्याच्या उडवीत, कधी पडवीत काढून ठेवलेल्या चपलेत. काळा विंचू दिसायला दांडगा, पण तो चावला की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी बरा होतो. विंचू उतरवणाऱ्या भगतांचा नावलौकिक बहुतेक या काळ्याच्याच जिवावर! जीव घेतो तो लहानखुरा लाल विंचू.

1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीत प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळ गाव जालना जिल्ह्यातलं, शिक्षण नागपूरचं. लाल विंचवाचा रुग्ण इथे आला की तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसं काही नसे. भरवशाचा उपचारच नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, सगळं टिपत राहिले.

त्यातून एक उलटी गोष्ट पुढे आली. दंशाच्या जागी असह्य ठणका लागून जो नुसता ओरडत असतो, त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. ज्याला ठणका बेताचाच आहे, पण उलट्या होताहेत, दरदरून घाम सुटलाय आणि तळपाय गार पडलेत, त्याच्यापासून हलायचं नाही. हृदयावर येऊ घातलेल्या संकटाच्या या आगाऊ खुणा त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. खेड्यातल्या खाटेशेजारची टिपणं थेट लंडनला पोचली.

पण विंचू चावतो पायाला, मग हृदयाचं काय बिघडतं? आपल्या मज्जातंतूंवर सोडियमला आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. हे विष ती दारं मिटूच देत नाही. मग तंतू सारखे पेटत राहतात आणि ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन या संप्रेरकांचा रक्तात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात ते यामुळेच. सुपारीच्या बागेत पंप चालू असताना पुढच्या पाइपावर जांभ्या दगडाचा चिरा पडून तो चेपला तर काय होईल? पंप घुरघुरेल, तापेल, दमेल. हृदयाचं तसंच होतं. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त रेटून रेटून डावा कप्पा थकतो, मागे रक्त तुंबतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागला की वेळ फार थोडा उरलेला असतो.

आता पंपाला दामटायचं की चिरा उचलायचा? बावस्करांनी चिरा उचलायचं ठरवलं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊन ते महाडला परतले होते. वाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड गुणकारी होतं, पण ते सलाइनमधून थेंबाथेंबानं द्यायचं आणि रक्तदाबावरून नजर काढायची नाही. खेड्यातल्या दवाखान्यात हे कोण सांभाळणार? प्राझोसिन मात्र साधी गोळी, रक्तदाबासाठी आधीच बाजारात असलेली. वाहिन्यांना आवळायचा निरोप घेणारे ‘अल्फा’ ग्राहक (रिसेप्टर) ती अडवते आणि आवळलेली वाहिनी मोकळी होते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी 1986 मध्ये हा अनुभवही ‘लॅन्सेट’मध्ये कळवला. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण एके काळी 25 ते 30 टक्के होतं. प्राझोसिननंतर ते एक टक्क्याच्या खाली आलं. (गोळी घरी ठेवून मनानं घ्यायची नाही. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला निजवूनच ती देतात.)

मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ज्या औषधानं नाव मिळालं, त्याच्यावरच त्यांनी प्रश्न टाकला: नुसतं प्राझोसिन पुरेसं आहे, की सोबत प्रतिविष दिल्यास अधिक चांगलं? 70 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, दोन्ही औषधं मिळालेल्या 35 पैकी 32. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. निष्कर्ष 2011 मध्ये ‘बीएमजे’त (ब्रिटिश मेडिकल जर्नल) छापून आला. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हाही त्यांचा पत्ता महाडच होता.

रुग्ण सुधारतोय हे ओळखायलाही यंत्र लागत नाही. आधी तळपाय ऊबदार होतात. मग मघापासून गप्प पडलेलं पोर पाय धरून रडू लागतं, कारण दंशाची जागा आता पुन्हा ठणकायला लागलेली असते.