जिम्नॅस्टिक्समुळे अभ्यास सुधारतो का? एका जुन्या दाव्याची पार्श्वभूमी

मुलाला जिम्नॅस्टिक्सला घातले की त्याचे अभ्यासात लक्ष लागते, वर्गातली चुळबुळ कमी होते, असे प्रशिक्षक सांगतात आणि बरेच पालकही. हल्ली या म्हणण्याला मेंदूविज्ञानाची जोड मिळाल्याने ते नवे वाटते. प्रत्यक्षात ते दोनशे वर्षांहून जुने आहे. बदलली आहे ती मुलांकडून असलेली अपेक्षा.

१७७४ मध्ये जर्मनीतल्या डेसाऊ इथे योहान बाझेडोव्ह यांनी शाळा काढली आणि धावणे, उड्या, तोल सांभाळणे हे थेट वेळापत्रकात घातले. यामागे फ्रेंच विचारवंत रूसोचा विचार होता : मूल आधी शरीराने आणि इंद्रियांनी शिकते, पुस्तकाने नंतर. त्याच वळणाची दुसरी शाळा साल्झमान यांनी १७८४ मध्ये श्नेपफेन्टालला सुरू केली. तिथल्या गुट्सम्यूट्स या शिक्षकाने जवळजवळ पन्नास वर्षे मुलांना व्यायाम शिकवला आणि १७९३ मध्ये त्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. त्यात चढणे आहे, उड्या आहेत, तुळईवरून चालणे आहे. शिवाय इंद्रियांना धार लावणारे व्यायाम आणि मोठ्याने वाचनही आहे. शरीर आणि अभ्यास अशी फाळणी त्यांच्या मनात नव्हतीच. १८०० मध्ये पुस्तक इंग्रजीत आले ते मात्र साल्झमान यांच्या नावावर. मेहनत शिक्षकाची, नाव संस्थाचालकाचे!

पुढे ही गोष्ट शाळेबाहेर गेली. बर्लिनमध्ये १८११ साली फ्रीडरिश यान यांनी खुले व्यायामाचे मैदान सुरू केले. पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बारचा प्रसार तिथूनच झाला. पण मैदानावर व्यायामाइतकेच राजकारण चाले, म्हणून १८२० मध्ये प्रशियाने (बर्लिन ज्याची राजधानी होती त्या जर्मन राज्याने) त्यावर बंदी घातली. ती उठायला १८४२ उजाडले. मधल्या काळात, १८३६ मध्ये, लोरिन्झर या डॉक्टरांनी शाळांवर जाहीर टीका केली : विषय फार, तास फार, वर घरचा अभ्यास, यात मुलांची प्रकृती बिघडते आहे. वाद चांगलाच पेटला आणि व्यायाम शाळेत परत आणण्याच्या मागणीला त्यातून जोर मिळाला.

परतलेला व्यायाम मात्र वेगळा होता. आडोल्फ स्पीस या जर्मन शिक्षकाने तो वर्गाच्या साच्यात बसवला. मुले रांगेत, शिक्षकाचा हुकूम, सगळ्यांची हालचाल एकदम. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांच्या व्यायामपद्धतीतही हुकमावरच भर होता. फ्रान्सने प्रशियाशी झालेल्या १८७०च्या युद्धातल्या पराभवानंतर, १८८० मध्ये, मुलग्यांच्या सरकारी शाळांत जिम्नॅस्टिक्स सक्तीचे केले; त्यामागची लष्करी गरज कोणी लपवलीही नाही. या काळात चांगले वागणारे मूल म्हणजे सांगितल्यावर हलणारे आणि सांगितल्यावर थांबणारे मूल.

विसाव्या शतकात हे सैल होत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या प्राथमिक शाळांत कवायत मागे पडली आणि व्यायामाच्या साधनांवर मुलांनी स्वतःची वाट शोधावी, असे काम दिले जाऊ लागले. हुकूम पाळण्याऐवजी स्वतः ठरवणे आले.

अभ्यासाचा मुद्दा पुन्हा तापला तो अमेरिकेत. १९६० मध्ये मानसशास्त्रज्ञ नेवेल केफार्ट यांनी मांडले की, वाचनात मागे पडणाऱ्या अनेक मुलांचा पाया हालचाल आणि आकलन यांच्या जोडणीतच कच्चा असतो. मग मुलांना फळीवरून चालवणे, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला लावणे सुरू झाले. १९८३ मध्ये कवाले आणि मॅटसन या संशोधकांनी १८० अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा वाचनावर असा परिणाम जवळपास शून्य निघाला. तुळईवर चालून वाचन येत नाही. हे आजही जाहिरातींत कोणी छापत नाही, पण पालकांना माहीत असायला हवे.

मग उरते काय? उरते ते बहुधा लक्ष आणि स्वतःवरचा ताबा. २००० साली मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक ॲडेल डायमंड यांनी दाखवून दिले की, हालचालीशी जोडला जाणारा लहान मेंदू आणि विचार-नियोजनाशी जोडला जाणारा मेंदूचा पुढचा भाग बऱ्याचदा एकत्र काम करतात, विशेषतः काम नवे आणि अवघड असेल तेव्हा. २००९ मध्ये चार्ल्स हिलमन यांच्या गटाने साडेनऊ वर्षांच्या आसपासच्या मुलांना २० मिनिटे ट्रेडमिलवर चालवले. त्यानंतर लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष करून उत्तर द्यायच्या चाचणीत त्यांची उत्तरे अधिक अचूक आली. यात जिम्नॅस्टिक्स नव्हते, साधे चालणे होते, हे विसरून चालणार नाही.

जिम्नॅस्टिक्सचे वेगळेपण क्रमात आहे. कोलांटउडी शिकणारे मूल आधी हनुवटी छातीला लावायला शिकते, मग हात टेकवून पाठ गोल करायला, मग हातांचा आधार न घेता उठायला. मधली पायरी गाळली तर अंग लगेच सांगते. पाळीची वाट पाहणे, चार सूचना डोक्यात ठेवणे, उडीची घाई आवरणे हे सगळे ओघाने येते. डायमंड आणि ली यांच्या २०११च्या आढाव्यात दोन गोष्टी ठळक आहेत : काम सतत थोडे अवघड होत गेले पाहिजे, आणि ज्या मुलांचा स्वतःवरचा ताबा सुरुवातीला कच्चा असतो त्यांना सर्वाधिक फायदा होतो. गोम अशी की, एका मॅटवर वीस मुले रांगेत उभी असतील, तर त्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला हालचाल जेमतेम काही मिनिटांची येते.