बाहेरील नेटवर्क केबल

गच्चीवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून किंवा अंगणातल्या मातीखालून नेऊन संगणक, कॅमेरे आणि वाय-फायची उपकरणे जोडणारी तांब्याची केबल. बोलण्यात ‘लॅनची वायर’ किंवा नुसतीच ‘कॅट-सिक्स’. घरातली आणि बाहेरची केबल आतून सारखीच असते: आठ तारा, दोन-दोन तारांना पीळ देऊन केलेल्या चार जोड्या, १०० ओहम इम्पिडन्स (वेगाने बदलणाऱ्या संदेशाला केबलचा होणारा विरोध). वेगळे असते ते आवरण, आणि केबल किती वर्षे टिकणार हे बहुतांशी तेच ठरवते.

घरातल्या केबलचे आवरण पीव्हीसीचे असते. ते मऊ राहावे म्हणून घातलेली द्रव्ये उन्हाने हळूहळू निघून जातात, आवरण कडक होते आणि वळणावर तडकते. बाहेरच्या केबलला काळ्या पॉलिइथिलीनचे आवरण असते. हा काळा रंग काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा; अतिनील किरण तीच शोषून घेते. मात्र पॉलिइथिलीन सहज पेट घेते. त्यामुळे अशी केबल इमारतीत लांबवर फिरवू नये. बाहेरच्या भिंतीजवळ पेटीत संपवून तिथून पुढे घरातली केबल न्यावी.

उन्हापेक्षाही पाणी घातक आहे. आवरणाला बारीक चीर पडली, तरी केशाकर्षणाने पाणी तारांच्या फटींतून कितीतरी मीटर पुढे सरकते. पॉलिइथिलीनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्र किती साठवतो याचे माप) सुमारे २.३, तर पाण्याचा ८० च्या आसपास. म्हणून तारांभोवती पाणी साचले की इम्पिडन्स बिघडतो आणि संदेश वाटेतच क्षीण होतो. कोकणासारख्या चार महिने ओल न सुटणाऱ्या मुलखात ‘पावसाळ्यात नेट जाते, दिवाळीला येते’ अशी तक्रार असेल, तर राउटर बदलण्याआधी केबल पाहावी. मातीत पुरायच्या केबलमध्ये पाणी रोखणारे जेल भरलेले असते. ते हाताला चिकटते, पुसत बसावे लागते, तरीही पुरायची असेल तर हीच घ्यावी. शक्यतो पाइपातून न्यावी: घुशींपासून रक्षण होते आणि पुढे बदलताना अंगण पुन्हा खणावे लागत नाही.

केबल घरात शिरते तिथे, भोकाच्या आधी, तिला खाली झोळ द्यावा. पागोळीचे पाणी केबलवरून ओघळत येते आणि झोळाच्या तळाशी गळून पडते. झोळ नसेल तर सरळ भिंतीत जाते. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे.

खरेदीत सर्वांत मोठी फसगत होते ती तारेच्या धातूत. बाजारात ‘सीसीए’ नावाची स्वस्त केबल मिळते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची, म्हणजे पीओई वापरायचे, तर हा फरक लगेच जाणवतो: लांबच्या टोकाला व्होल्टेज पडते आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद पडतो. २००३ च्या पहिल्या पीओई मानकात स्रोतापाशी १५.४ वॅट मिळत असताना उपकरणाला १२.९५ वॅटच धरले आहेत, आणि तेही पूर्ण तांब्याच्या केबलवर. तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी चकाकी दिसली तर केबल परत करावी. घरगुती कामाला पूर्ण तांब्याची कॅट-५ई, म्हणजे कॅट-६ च्या खालच्या श्रेणीची केबल, सुद्धा पुरते, ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. खोट्या कॅट-६ पेक्षा खरी कॅट-५ई केव्हाही चांगली.

ओढताना ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ११ किलो वजनापेक्षा, जास्त ताण देऊ नये. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या चौपटीहून कमी नसावी.

प्लग बसवताना तारांचा टी५६८बी नावाचा क्रम बहुतेक ठिकाणी रूढ आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी येते, हे नवख्याला विचित्र वाटते आणि तो सरळ जोडीला जोडी लावत जातो. दोन्ही टोके सारखी असल्यामुळे साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण लाइन नीट चालत नाही. कारण तिसरी व सहावी पिन मिळून एक जोडी मानली जाते, आणि इथे त्यांतली एक तार हिरव्या पिळातली तर दुसरी निळ्या पिळातली असते. एकमेकींभोवती पीळ नसलेल्या तारांमध्ये बाहेरचा गोंगाट रद्द होत नाही. प्लगपाशीसुद्धा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये.

विजेच्या वायरिंगला समांतर न जाता तिला काटकोनातच ओलांडावे. गच्चीवरून उतरणाऱ्या केबलला घरात शिरण्यापूर्वी सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेले व्होल्टेज जमिनीत वळवणारे उपकरण) लावून तो जाड तारेने अर्थिंगला जोडावा. अर्थिंग नसेल तर तो निरुपयोगी आहे. जवळपास वीज कोसळली की लांब तारेत हजारो व्होल्ट उत्पन्न होतात आणि दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असेल तर शिल्डेड केबलच्या आतल्या धातूच्या वेष्टनातूनही प्रवाह वाहू शकतो. अशा ठिकाणी, आणि १०० मीटरपलीकडे कुठेही, धातूविरहित ऑप्टिकल फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (विजेच्या संदेशाचे प्रकाशात आणि उलट रूपांतर करणारी पेटी) बसवतात.