फळीवरचा तोल आणि पडद्यावरचे गुण

पक्षाघातातून सावरलेला माणूस उभा राहिला की बरेचदा चांगल्या पायावर जास्त भार टाकतो आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. घरचे ‘सरळ उभे राहा’ म्हणतात, पण त्याच्या लेखी तो सरळच असतो. इथे निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या व्हिडिओ गेम यंत्राची २००७ मधली वी बॅलन्स बोर्ड ही उभं राहायची पांढरी फळी उपयोगी पडते. तिच्या चार कोपऱ्यांत चार वजनमापक आहेत. भार कुठे पडतोय ते त्यांवरून निघतं आणि पडद्यावरचा ठिपका तिकडे सरकतो. पायाने न सांगितलेलं डोळ्यांना दिसतं.

चवथीला आलेल्या नातवंडांनी ही फळी माळ्यावर टाकली असेल, तर आधी सेलचं झाकण उघडा. आत राहिलेले चार पेन्सिल सेल गोव्याच्या दमट हवेत गळतात आणि पत्र्यांवर पांढरट थर चढतो. व्हिनेगरच्या बोळ्याने तो पुसून पत्रे कोरडे करा. फळी लादीवरच ठेवा. मऊ चटईत तिचे पाय रुततात आणि आकडे चुकतात. समोर भिंतीला टेकवलेली जड खुर्ची आणि मागे धरायला एक माणूस हवाच. फळी दोन इंच उंच आहे, त्यामुळे चढता-उतरताना जास्त जपा.

फुटबॉल आपल्या जिव्हाळ्याचा खरा, पण फळीवरचा हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारायचा गेम सुरुवातीला नको. त्यात चेंडूंसोबत बूट आणि पांडाची मुंडकीही भराभर अंगावर येतात. टेबल कलवून गोळ्या भोकात सोडायचा गेम त्यापेक्षा संथ आहे.

गेममधली हालचाल प्रत्यक्ष कामाशी जुळली तर फायदा होण्याची शक्यता वाढते. २००७ मध्ये अमेरिकेत ३३ सर्जनांचा अभ्यास झाला. पूर्वी आठवड्याला ३ तासांहून जास्त गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या. तिथेही नजर पडद्यावर असते आणि हात भलतीकडे. अर्थात, मुळात हात चलाख असलेलेच गेमकडे वळले असतील, हेही शक्य आहे.

खरी गफलत गेममध्ये मिळणाऱ्या गुणांत होते. पेशंट कमरेतून वाकून किंवा गुडघा मागे ताठ लावून ठिपका सरकवतो. फळीला भार कळतो, तो कसा आणला ते कळत नाही. म्हणून कुठला गेम आणि किती वेळ, हे फिजिओथेरपिस्टने बाजूने बघूनच ठरवावं. चक्कर आली किंवा गुडघा थरथरला की थांबा. वहीत गुण लिहू नका. खुर्चीला हात न लावता किती सेकंद उभे राहता आलं, ते लिहा.