शेजारी राष्ट्रांची फुटबॉल-चुरस आणि खेळाडूंची जडणघडण

शेजारी राष्ट्रांची फुटबॉल-चुरस : सीमेला सीमा लागून असलेल्या किंवा एकाच टापूत वर्षानुवर्षे गाठ पडणाऱ्या देशांच्या राष्ट्रीय संघांमधली स्पर्धा, आणि तिच्यामुळे दोन्हीकडे खेळाडू घडवण्याच्या पद्धतीत पडणारा फरक. मैदानावरची पोरे हिला ‘खुन्नस’ म्हणतात. शेती असलेल्यांना बांधावरची भाऊबंदकी आठवेल. झेंडे, घोषणा आणि टीव्हीवरचा आरडाओरडा हा तिचा दिसणारा भाग. शेजाऱ्याकडून हरल्यावर आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या सरावात काय बदलते, हा न दिसणारा. या नोंदीचा भर त्यावर आहे. उदाहरणे देशोदेशीची असली तरी बघण्याची जागा नवी मुंबई आहे, कारण २०१७ ते २०२२ या काळात तीन आंतरराष्ट्रीय स्पर्धांमुळे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हा विषय प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

बलाढ्य आणि दूरच्या देशाकडून हरले की सबबींना तोटा नसतो : त्यांची उंची, त्यांचा खुराक, त्यांची थंड हवा, त्यांचा पैसा. शेजाऱ्याकडून हरल्यावर यातली एकही चालत नाही. त्याचा पाऊस तोच, डाळभात तोच, अंगकाठी तीच, खिसाही बहुधा तेवढाच फाटका. मग उरतो तो फक्त सराव. शेजाऱ्याशी खेळणे ही फुटबॉलमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्दय परीक्षा ठरते ती यामुळे.

इतिहास

पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामनाच शेजाऱ्यांमध्ये झाला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड ०-० असे बरोबरीत सुटले. इंग्रज खेळाडू अंगाने भारी. चेंडू पायात घेऊन एकट्याने घुसायचे, ही त्यांची रीत. स्कॉटलंडचा सगळा संघ क्वीन्स पार्क या एकाच क्लबचा. त्यांनी चेंडू एकमेकांकडे देत खेळण्यावर भर दिला. पुढे इंग्लिश क्लबांनी स्कॉटिश खेळाडूंना पैसे मोजून बोलावून घेतले आणि त्यांना ‘स्कॉच प्रोफेसर’ असे नावच पडले. शेजाऱ्याला हरवता येत नसेल तर त्याच्याकडे शिकवणी लावायची, ही युक्ती तेव्हापासूनची.

उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यामध्ये फक्त एक नदी. १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मोंतेविदेओत उरुग्वेने अर्जेंटिनाला ४-२ ने हरवले. उरुग्वेची आजची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या एकत्र केली तर ती जवळजवळ ३० लाख भरते. एवढ्याशा देशाने मोठ्या शेजाऱ्यांपुढे टिकाव धरला, त्यामागे गल्लोगल्लीच्या छोट्या मैदानांवर लहान मुलांसाठी चालणाऱ्या ‘बेबी फुटबॉल’च्या साखळी स्पर्धांचा मोठा हात आहे.

बेल्जियमचे उदाहरण जास्त बोलके आहे. २००० ची युरो स्पर्धा बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी मिळून भरवली. नेदरलँड्स उपांत्य फेरीत गेले, बेल्जियम स्वतःच्या अंगणात गटातच बाद झाले. मिशेल साब्लों यांच्या नेतृत्वाखाली बेल्जियमच्या महासंघाने नेदरलँड्स, फ्रान्स, जर्मनी या शेजाऱ्यांच्या पद्धती तपासल्या. लूव्हेन विद्यापीठाकडून मुलांचे सामने चित्रित करून घेतले, तेव्हा दिसले की बहुतेक मुलांच्या पायाला चेंडू क्वचितच लागतो. मोठे मैदान, अकरा-अकराचे संघ, आणि दांडगा पोरगा सगळ्यांना ढकलत पुढे जातो. यावर उपाय म्हणून अगदी लहानांना दोन-दोनचे, मग पाच-पाचचे, मग आठ-आठचे सामने आले आणि सर्वांत लहान वयोगटांचे गुणतक्ते बंद झाले. या तक्तेबंदीने प्रशिक्षक आणि पालक दोघेही वैतागले होते म्हणतात; ठाण्यातल्या शाळांचे पालकही वैतागले असते. २०१८ च्या विश्वचषकात बेल्जियम तिसरे आले आणि त्याच स्पर्धेला नेदरलँड्स पात्रही ठरले नाहीत.

नेरूळचे मैदान

डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये उघडले ते क्रिकेटसाठी. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे काही सामने तिथे झाले. १८ ऑक्टोबरला घाना आणि नायजर यांची बाद फेरीत गाठ पडली. दोघांची सीमा लागून नाही, पण दोघे पश्चिम आफ्रिकेचेच; एकमेकांचा खेळ ओळखून असलेले. घाना २-० ने जिंकला, तोही मध्यंतराच्या तोंडावरची पेनल्टी आणि अगदी शेवटचा गोल यांच्या जोरावर. आठवडाभराने उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ ने हरवले. स्पेनच्या त्या संघातला फेरान तोरेस पुढे बार्सिलोनात गेला. लोकलने नेरूळला उतरून सामन्याला गेलेल्या मुलांना नाव ठाऊक होण्याआधीच तो दिसून गेला होता.

२०२२ च्या महिला आशिया चषकाचे सामने नेरूळ, अंधेरी आणि पुण्याच्या बालेवाडीत झाले. ६ फेब्रुवारीला नेरूळला झालेला अंतिम सामना चीन आणि दक्षिण कोरिया या शेजाऱ्यांचा होता. मध्यंतराला कोरिया २-० ने पुढे. ६८ व्या मिनिटाला तांग जियालीची पेनल्टी, चार मिनिटांनी झांग लिनयानचा गोल, आणि भरपाईच्या वेळेत शाओ युयीचा तिसरा. चीनचे हे नववे विजेतेपद. कोरियाचा मात्र हा पहिलाच अंतिम सामना होता.

त्याच स्पर्धेतून व्हिएतनाम आणि फिलिपिन्स हे आग्नेय आशियातले दोन प्रतिस्पर्धी पहिल्यांदाच महिला विश्वचषकात पोचले, आणि दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या. व्हिएतनामचा संघ देशातल्याच प्रशिक्षण केंद्रांत आणि साखळी स्पर्धेत घडलेला. फिलिपिन्सने अमेरिकेत जन्मलेल्या, तिथल्या शाळा-कॉलेजांत खेळलेल्या आपल्या वंशाच्या मुली शोधून काढल्या. २०२३ च्या विश्वचषकात फिलिपिन्सने यजमान न्यूझीलंडला हरवले, व्हिएतनाम तिन्ही सामने हरले. यावरून दुसरी वाट बरी असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. आणलेली खेळाडू एका पिढीपुरती असते, घरची केंद्रे दरवर्षी नवी मुले देतात.

यजमान भारताचे काय झाले, हा विषय नवी मुंबईकर सहसा काढत नाहीत. २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ तारखेला चिनी तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) नेरूळलाच सामना होता, पण संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघाले की नियमाने लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झालाच नाही. भारताने माघार घेतली असे धरले गेले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला.

भारत आणि बांगलादेश

दक्षिण आशियात भारत–पाकिस्तान हे नाव मोठे, पण फुटबॉलमध्ये ते बरेचसे क्रिकेटकडून उसने घेतलेले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत (दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत) बंगळूरला भारताने पाकिस्तानला ४-० ने हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले, विषय संपला. खरी चुरस पूर्वेच्या बांधावर आहे.

सॅफ महिला स्पर्धेची पहिली पाचही विजेतेपदे, २०१० ते २०१९, भारताची. सप्टेंबर २०२२ मध्ये काठमांडूत बांगलादेशने गटात भारताला ३-० ने हरवले, भारत उपांत्य फेरीत नेपाळकडूनही हरला, आणि अंतिम सामन्यात बांगलादेशने नेपाळला ३-१ ने नमवून चषक ढाक्याला नेला. विमानतळावरून उघड्या टपाच्या बसमधून मिरवणूक निघाली. २०२४ मध्ये पुन्हा तेच दोन संघ, तेच शहर, तोच विजेता.

या यशाचे मूळ शोधायला मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर गावी जावे लागते. बांगलादेशात प्राथमिक शाळांच्या मुलींची देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि सीमेलगतच्या या गावच्या शाळेने ती वारंवार जिंकली. मारिया मांदा, संजिदा अख्तर, तहुरा खातून या तिथल्याच. महासंघाने अशा मुलींना ढाक्याच्या मोतीझीलमधल्या आपल्या इमारतीत निवासी शिबिरात ठेवले. त्या एकत्र राहिल्या, शाळा शिकल्या आणि प्रशिक्षक गुलाम रब्बानी छोटन यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे एकत्र खेळल्या. भव्य स्टेडियम नाही. शाळेची स्पर्धा आणि एक वसतिगृह, एवढ्या भांडवलावर दोन सॅफ चषक आले. भारताकडे पैसा आणि मैदाने यांहून कितीतरी जास्त आहेत, म्हणून ही तुलना बोचते.

चुरस किती टोकाला जाते ते ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ढाक्यात दिसले. १९ वर्षांखालील मुलींच्या सॅफ अंतिम सामन्यात भारत १-० ने पुढे होता. भरपाईच्या वेळेत सागरिकाने बांगलादेशसाठी बरोबरी केली. पेनल्टीच्या फेरीत गोलरक्षकांसह दोन्हीकडच्या अकराही जणींनी चेंडू जाळ्यात मारला : ११-११. नियमाप्रमाणे फेरी तशीच पुढे चालायला हवी होती. सामना आयुक्तांनी नाणेफेक करायला लावली. भारताने कौल जिंकला, मुली नाचू लागल्या. बांगलादेशच्या मुलींनी मैदान सोडायला नकार दिला, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. बऱ्याच घोळानंतर दोघांना संयुक्त विजेते जाहीर केले गेले. बावीस पेनल्टी न चुकवणाऱ्या मुली घडवायच्या आणि निकाल नाण्यावर सोपवायचा, हे दक्षिण आशियाई कारभाराला शोभणारेच.

शत्रुत्व मैदानापुरतेच असते, हेही नोंदवायला हवे. बांगलादेशचा मोनेम मुन्ना १९९० च्या दशकात कोलकात्याच्या ईस्ट बंगालचा लाडका होता. बांगलादेशची माजी कर्णधार सबिना खातून आणि नेपाळची सबित्रा भंडारी या दोघी भारतातल्या महिला लीगमध्ये खेळल्या. भारताला गोल करणाऱ्या पायांची थोडी मशागत भारतीय क्लबांतच झाली आहे.

पुरुषांमध्ये बांगलादेशने दुसरी वाट धरली. इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टर सिटीत घडलेला हमजा चौधरी मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्ध पहिल्यांदा बांगलादेशकडून उतरला. सामना ०-० सुटला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात शेख मोरसालिनच्या गोलने बांगलादेश १-० ने जिंकला, भारताविरुद्ध तब्बल २२ वर्षांनी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला आधी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. ही वाट भारतासाठी अरुंदच आहे. म्हणजे मुले इथल्याच मैदानांवर घडायला हवीत.

नवी मुंबईतील सराव

सिडकोने आखलेल्या या शहरात मोकळ्या जागा मुंबईपेक्षा जास्त. घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल अकादमी आहे. देशभरातून निवडलेली मुले तिथे राहून शिकतात आणि खेळतात. खारघरला सिडकोने फुटबॉलची सराव-मैदाने उभी केली. महापालिकेच्या नेरूळच्या यशवंतराव चव्हाण मैदानाचाही २०१७ च्या स्पर्धेवेळी सरावासाठी कायापालट झाला.

या मोठ्या नावांबाहेरचा सराव मात्र बहुतांशी टर्फवर चालतो. टर्फ म्हणजे चहूबाजूंनी जाळी लावलेला कृत्रिम हिरवळीचा तुकडा, भाडे तासावर. दहा मुलांनी वर्गणी काढायची, पाच-पाचचा सामना, शिट्टी वाजली की पुढची टोळी आत. चेंडू पायाला वारंवार लागतो, पहिला टच (आलेला चेंडू पायात घेणे) सुधारतो, म्हणजे बेल्जियमने जे मुद्दाम केले ते इथे भाड्याच्या हिशोबाने आपोआप झाले आहे. फरक दोन. एक, बहुतेक वेळा प्रशिक्षक नसतो. दोन, चेंडू जाळीवर आपटून परत येतो. अशा जाळीवर वाढलेला मुलगा ट्रायल्सना अकरा-अकराच्या मैदानावर उतरला की त्याचा जोरकस पास सरळ सीमेबाहेर जातो आणि तो क्षणभर तिथेच उभा राहतो, जाळीची वाट बघत. ऑफसाइडचा नियम त्याने मोबाइलवरच्या सामन्यांतच पाहिलेला असतो.

खुल्या मैदानांवर क्रिकेटचे चार डाव एकमेकांत घुसलेले, आणि जून ते सप्टेंबर चिखल. फुटबॉलवाल्यांना तो पथ्यावर पडतो, कारण क्रिकेटवाले तेवढे दिवस येत नाहीत.

भारत आणि बांगलादेश दोन्हींचे महिला संघ जुलै २०२५ मध्ये २०२६ च्या आशिया चषकाला पात्र ठरले. बांगलादेशने म्यानमारला यांगूनमध्ये २-१ ने हरवले, दोन्ही गोल ऋतुपर्णा चकमाचे. भारताने थायलंडला च्यांग मायमध्ये २-१ ने हरवले, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. बांगलादेशची ही पहिलीच वेळ. सिडनीत निघालेल्या सोडतीत भारताच्या वाट्याला जपान आणि व्हिएतनाम आले, आणि चौथा संघ निघाला चिनी तैपेई : २३ जानेवारी २०२२ रोजी नेरूळला ज्याच्याशी सामना झालाच नव्हता, तोच.