विद्यार्थी साहाय्य सेवा, आंतरराष्ट्रीय शाळांतील

आंतरराष्ट्रीय शाळांच्या सहावी ते आठवी या विभागात, म्हणजे साधारण ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी, वर्गातील शिकवण्याच्या जोडीने चालणारी व्यवस्था. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांना भाषेची मदत, अध्ययन अक्षमता किंवा एकाग्रतेच्या अडचणी असलेल्यांना विशेष शिक्षण, समुपदेशन आणि बालसंरक्षण ही तिची मुख्य कामे. या शाळा ज्याला ‘मिडल स्कूल’ म्हणतात तो विभाग आपल्याकडे उच्च प्राथमिक गणला जातो. आपल्या माध्यमिक शाळेशी त्याची गल्लत करू नये.

अशा शाळा स्थानिक मुलांसाठी निघाल्याच नव्हत्या. राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनीव्हात एक शाळा सुरू झाली. त्याच वर्षी योकोहामातही एक निघाली. बदलीच्या नोकरीपायी मुलांचे शिक्षण मध्येच तुटू नये, एवढाच सुरुवातीचा हेतू. पुढे १९६८ मध्ये जिनीव्हातच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही शाळांसाठी आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आखणारी संस्था स्थापन झाली आणि तिचा ११ ते १६ वयोगटाचा मिडल इयर्स प्रोग्रॅम १९९४ मध्ये आला. त्यामुळे पुणे, दोहा आणि सिंगापूर येथील शाळांत अभ्यासाची चौकट बरीचशी सारखी झाली. तीत येऊन बसणारी मुले मात्र बारा गावचे पाणी प्यायलेली. अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीतील मुले’ ही संज्ञा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी रूढ केली. १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता, त्यातून ती पुढे आली.

या सेवेतले सर्वांत अवघड काम मदत देण्याचे नाही. मुलाचे नेमके कुठे अडते आहे ते ओळखण्याचे आहे. वडिलांची बदली पुणे परिसरातील एखाद्या कारखान्यात झाल्यामुळे एक कोरियन मुलगा फेब्रुवारीत सहावीत दाखल होतो, असे धरू. तो वर्गात गप्प बसतो, वही अर्धी कोरी ठेवतो, गृहपाठ देत नाही. इंग्रजी येत नाही म्हणून, वाचनदोष आहे म्हणून, की सोलमधले मित्र सुटल्यामुळे मन लागत नाही म्हणून? तिन्ही प्रकारांत वही सारखीच कोरी दिसते. जाणता शिक्षक आधी त्याला कोरियनमध्ये पानभर लिहायला सांगतो आणि कोरियन वाचणाऱ्या मोठ्या माणसाकडून ते तपासून घेतो. आईला विचारतो, की हा बोलायला कधी लागला, हांगुल लिपी शिकताना अडखळला होता का, जुन्या शाळेने काही कळवले होते का. मातृभाषेतले लेखन वयाला साजेसे असेल तर वाचनदोषाची शंका मागे पडते. तिथेही ओळी सुटत असतील, तर मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी करावी लागते. येथे दुसरी पंचाईत उभी राहते. बुद्धिमापनाच्या प्रचलित चाचण्यांचे निकष बहुधा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर बेतलेले असतात, आणि कोरियन जाणणारा मानसशास्त्रज्ञ पुण्यात सहज मिळत नाही. मराठी मुलांची स्थितीही फार वेगळी नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह काही भारतीय भाषांत ‘डाली’ हा वाचनदोषाचा चाचणीसंच तयार केला, पण तो पहिली ते पाचवीसाठी आहे. सहावीच्या मुलाला तो पुरत नाही.

याउलट चूकही तितकीच होते. मूल कॅन्टीनमध्ये फर्डे इंग्रजी बोलते, मग विज्ञानाचे पुस्तक का कळत नाही, आळशीच असणार, असा शेरा पडतो. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास या दोन भाषांतला फरक दाखवून दिला. बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते; पाठ्यपुस्तकाची, युक्तिवादाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. ‘मिडल स्कूल’ स्वतःच तीन वर्षांचे. म्हणजे सहावीत कोरे इंग्रजी घेऊन आलेले मूल आठवीतून बाहेर पडतानाही मदतीला पात्र असते. दोन सत्रांनी भाषेचा तास बंद करणाऱ्या शाळा हे सोयीस्करपणे विसरतात.

मदत दोन रीतींनी दिली जाते. एकीत मुलाला वर्गाबाहेर काढून वेगळा तास घेतात. दुसरीत साहाय्यक शिक्षक वर्गातच येतो. अलीकडचा कल दुसऱ्या रीतीकडे आहे आणि तो योग्य वाटतो, कारण बाहेर जाणारे मूल त्या तासाचे गणित किंवा इतिहास गमावते. वर्गातली मदत दिसायला साधी असते. वनस्पती आणि प्रकाश यांवरच्या प्रयोगाचा अहवाल लिहायचा असेल, तर नव्या मुलाच्या कागदावर ‘प्रकाश कमी मिळाला तेव्हा रोप …, कारण …’ अशी अर्धी वाक्ये छापलेली असतात, खाली दहाबारा शब्दांची चित्रांसह यादी. प्रयोग तोच, गुणदानाचे निकष तेच. फक्त वाक्याचा सांगाडा हाती दिलेला. जसजशी भाषा येते तसतशी ही अर्धी वाक्ये कमी करत नेतात. भाषेची पातळी ठरवायला अनेक शाळा ‘विडा’ ही सहा पायऱ्यांची अमेरिकी मोजपट्टी वापरतात.

विशेष शिक्षणाची घडण अमेरिकी सरकारी शाळांकडून आली : सर्वांसाठी चांगले अध्यापन, काहींसाठी छोट्या गटात जादा तास, मोजक्यांसाठी वैयक्तिक आराखडा, अशा तीन पातळ्या. बरेच ठिकाणी आठवड्याला एक बैठक होते. वर्गशिक्षक, समुपदेशक, विशेष शिक्षक आणि विभागप्रमुख पाचसहा नावांवर बोलतात, उपाय ठरवतात आणि सहाआठ आठवड्यांनी तीच नावे पुन्हा काढतात. जादा वेळ, वेगळी खोली, संगणकावर लेखन अशा सवलतींची नोंद या वयातच ठेवणे शहाणपणाचे, कारण पुढे दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलत मागताना मूल रोजचे काम असेच करते याचा पुरावा लागतो.

तथापि अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने हा आराखडा मुलाचा हक्क झाला; देशाबाहेरच्या खाजगी आंतरराष्ट्रीय शाळेला तो कायदा लागू नाही. तिथे सारे शाळेच्या धोरणावर आणि स्थानिक कायद्यावर. प्रवेशाच्या वेळीच ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगून मूल परतवले जाते, हा या क्षेत्रातला जुना आणि फारसा न बोलला जाणारा प्रकार आहे. मोठ्या संख्येने मराठी कुटुंबे असलेल्या दुबईत २०१७ मध्ये खाजगी शाळांसाठी समावेशक शिक्षणाची धोरणचौकट आली. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबई-पुण्यात पालकांनी स्वखर्चाने ‘शॅडो टीचर’, म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या मदतीला बसणारा साहाय्यक, ठेवण्याची रीत आहे. मुलाचा दिवस त्यामुळे निभावतो. पण सतत शेजारी मोठे माणूस बसलेले पाहून बाकीची मुले जवळ येत नाहीत, हा तोटा क्वचितच लक्षात घेतला जातो.

समुपदेशकाचे काम शाळेचे वर्ष सुरू होते त्या ऑगस्टमध्ये आणि संपते त्या जूनमध्ये सर्वाधिक असते. नव्या मुलाला सोबती नेमून देणे, जाणाऱ्याला नीट निरोप देणे हे शाळा बहुधा निगुतीने करतात. दरवर्षी मित्र गमावून तिथेच राहणाऱ्या मुलांकडे मात्र दुर्लक्ष होते. भारतीय पालक समुपदेशकाच्या दाराशी बिचकतात ते ‘शिक्का बसेल’ म्हणून. परदेशी पालकांचे कारण निराळे, सगळे एकाच कंपनीतले, बातमी बाबांच्या साहेबापर्यंत जायची. बालसंरक्षणाची कलमे कडक झाली ती २०१४ नंतर. देशोदेशीच्या शाळांत शिकवलेल्या एका अमेरिकी शिक्षकाने वर्षानुवर्षे केलेले लैंगिक अत्याचार तेव्हा उघड झाले आणि शिक्षकाची पूर्वपीठिका प्रत्येक देशात तपासण्याचा आग्रह वाढला. भारतात पोक्सो कायदा, २०१२ नुसार अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. समुपदेशकाची गोपनीयता तिथे आड येऊ शकत नाही.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि अंमलबजावणी पहिली व सहावी या इयत्तांपासून सुरू झाली. त्यामुळे येथील आंतरराष्ट्रीय शाळांत अर्धी वाक्ये छापलेले कागद आता मराठीच्या तासालाही लागतात.