चतुष्पाद कोणाला म्हणायचे? व्याख्येच्या वादाची पार्श्वभूमी

चतुष्पादांच्या (टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे कणाधारी प्राणी आणि त्यांचे पाय गमावलेले वंशजही) व्याख्येवरचा आजचा वाद 1980च्या दशकाच्या अखेरीस पेटला. साप आणि देवमासे चतुष्पादांतच येतात, याबद्दल तेव्हाही दुमत नव्हते. प्रश्न होता वंशवृक्षाच्या बुंध्याशी रेघ कुठे ओढायची, हा. तोवरची रीत सरळ होती: माशाच्या पराच्या जागी बोटे असलेला पाय आला, की तो प्राणी चतुष्पाद.

नव्या मांडणीने पायच बाजूला ठेवले. आज हयात असलेले उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन यांचा शेवटचा सामाईक पूर्वज व त्याचे सगळे वंशज, एवढेच चतुष्पाद. या मांडणीचा एक फायदा खरा आहे. जीवाश्मात न टिकणाऱ्या हृदय-त्वचेसारख्या अवयवांबद्दल हयात प्राण्यांवरून अंदाज बांधता येतो. पण बेडकांचे पूर्वज कोण, हेच अजून ठरलेले नाही. टेम्नोस्पॉन्डिल आणि लेपोस्पॉन्डिल हे प्राचीन, नामशेष चौपायांचे दोन गट. बेडूक टेम्नोस्पॉन्डिल गटातून आले असतील तर तो गट आत राहतो. लेपोस्पॉन्डिल गटातून आले असतील तर टेम्नोस्पॉन्डिल सगळेच्या सगळे बाहेर पडतात. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे सापडलेली आणि 1855 मध्ये वर्णन प्रसिद्ध झालेली ब्रॅकिऑप्स या प्राण्याची कवटी टेम्नोस्पॉन्डिल गटातली. हाडात काडीचाही बदल न होता तो प्राणी आज चतुष्पाद आणि उद्या नाही, हे पटण्यासारखे नाही.

वाद तापत असतानाच पुरावे येत गेले. 1987च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडमध्ये अ‍ॅकॅन्थोस्टेगा या बोटे असलेल्या आदिम प्राण्याचे उत्तम सांगाडे मिळाले. 1990 मध्ये त्याच्या पुढच्या पायाला आठ आणि इक्थिओस्टेगा या तशाच दुसऱ्या प्राण्याच्या मागच्या पायाला सात बोटे असल्याचे जाहीर झाले. पाच बोटे हीच मूळ संख्या, हा समज तिथे मोडला. नव्या व्याख्येत मात्र या दोघांनाही जागा नाही. कॅनडातल्या एल्समीअर बेटावर 2004 मध्ये सापडलेल्या टिकटालिक या माशासारख्या प्राचीन प्राण्याच्या परात मनगटासारखी हाडे आहेत, पण बोटे नाहीत; तो दोन्ही व्याख्यांनी बाहेरच.

देवमाशांवरून झालेली 18व्या शतकातली गडबड वेगळी होती. तेव्हा 'चौपाये' हे नाव सस्तनांच्या वर्गालाच होते आणि 1758 मध्ये देवमासे त्यात घेताना ते सोडावे लागले.

2010 मध्ये पोलंडमधल्या सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातल्या पाऊलखुणा प्रसिद्ध झाल्या. त्या टिकटालिकपेक्षाही जुन्या. त्या पायांच्याच आहेत का, यावर काहींचा आक्षेप आहे, आणि तो तपासायचा तर बोटांचे ठसेच पाहावे लागतात. नव्या व्याख्येचा इथे उपयोग नाही, कारण पावलांवरून वंशवृक्षातली जागा ठरत नाही.