'अंतर्निरीक्षण': एका शब्दात अडकलेले दोन अर्थ

१८७९ साली जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा निघाली, तिथे अंतर्निरीक्षण, म्हणजे आपल्या मनात काय चाललंय ते आपणच पाहणं, चाले, पुढे वर्तनवाद्यांनी, म्हणजे फक्त बाहेरून दिसणारं वर्तन अभ्यासा म्हणणाऱ्यांनी, ते मोडीत काढलं. मानसशास्त्राचा जन्म पाठ्यपुस्तकांत एवढ्यावर आटोपतो. सालाबद्दल फार वाद नको. विद्यापीठाची अधिकृत मान्यता १८८३ची, पण प्रयोग त्याआधीच सुरू होते. घोळ आहे तो 'अंतर्निरीक्षण' या शब्दात.

लाइपझिगची ही प्रयोगशाळा काढणाऱ्या प्राध्यापकांच्या जर्मन लिखाणात इथे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ आतून जाणवणं, दुसऱ्याचा स्वतःच्या मनाकडे बघत बसणं. त्यांचा भरवसा फक्त पहिल्यावर होता. प्रयोगाला बसलेल्या माणसाला सूचना मिळे, आवाज होई, तो कळ दाबे. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ वेळ टिपे. सांगायचं ते इतकंच: जाणवलं की नाही, हा आवाज मोठा की तो. आणि तेही लगेच, पुन्हा पुन्हा तपासता येईल असं.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्याच वुर्झबुर्गला मात्र अवघड प्रश्न विचारून मनात काय काय घडलं याचं सविस्तर कथन घेऊ लागले. लाइपझिगच्या प्राध्यापकांनी १९०७ साली या प्रयोगांना नकली ठरवलं. त्यांचाच एक इंग्रज विद्यार्थी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि त्याने तिसरीच तऱ्हा रुजवली. तिथे 'टेबल दिसलं' म्हणणं चूक. रंग, उजेड, आकार एवढंच सांगायचं. वुर्झबुर्गच्या लोकांना प्रतिमेविना विचार, म्हणजे मनात कुठलंही चित्र न उमटता आलेले विचार, सापडले, कॉर्नेलच्यांना सापडले नाहीत, आणि कोण बरोबर हे ठरवायला मार्गच उरला नाही.

१९१३ साली न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानात वर्तनवादाच्या प्रवर्तकाने याच भांडणाकडे बोट दाखवून जाणीव हा विषयच मानसशास्त्राबाहेर काढला. माझ्या मते हा निर्णय घाईचा होता. दोष लांबलचक कथनांचा होता. कळ दाबणाऱ्याला त्याची शिक्षा का? पण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पडला होता, मराठीनेही तोच उचलला, आणि आपल्याकडची मुलं आजही तो एका ओळीत पाठ करतात.

१९५०च्या दशकाअखेरीस बोधात्मक मानसशास्त्र, म्हणजे स्मृती, लक्ष, विचार यांचा अभ्यास, उभं राहिलं तेव्हा प्रतिक्रियाकाळाचं, म्हणजे आवाजापासून कळ दाबेपर्यंतच्या वेळेचं, मोजमाप पुन्हा केंद्रस्थानी आलं. १९७०च्या दशकात तर संशोधकांनी लोकांजवळ पेजर, म्हणजे दुरून वाजवता येणारं खिशातलं छोटं यंत्र, दिले. तो वाजला की हातातलं काम थांबवून त्या क्षणी काय वाटतंय ते लिहायचं, नंतर आठवून नाही. आता तेच काम मोबाइलवर चालतं.